बॅरिएट्रिक शस्त्रक्रिया: निर्णय, तयारी आणि पहिले वर्ष

पुण्यात बॅरिएट्रिक सर्जन, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठरावर किंवा आतड्यावर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, शोधणे अवघड नाही. बहुतेक मोठ्या रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया होते आणि ओळखीपाळखीत ती करून घेतलेले कोणी ना कोणी निघतेच. अवघड असते ते त्याआधीचे काम. ही शस्त्रक्रिया आपल्याला खरोखर लागते का, लागत असेल तर कोणती, आणि तिच्यानंतरचे खाणेपिणे, गोळ्या व तपासण्या आपल्या घरात वर्षानुवर्षे निभतील का, या तीन प्रश्नांची उत्तरे आपली आपल्यालाच मिळवावी लागतात. मी कोथरूडमध्ये राहणारी, बँकेत नोकरी करणारी बाई आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे पुढचा मजकूर उपचाराचा सल्ला समजू नये. सर्जनच्या समोर बसण्यापूर्वी काय माहीत असावे आणि काय विचारून घ्यावे, एवढ्यासाठीच तो लिहिला आहे.

आपण निकषांत बसतो का

सुरुवात बीएमआयपासून करावी. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की तो आकडा मिळतो. माझी उंची १५८ सेंटीमीटर आणि वजन १०४ किलो होते, १.५८ चा वर्ग साधारण २.५, म्हणजे माझा बीएमआय ४१.६ च्या आसपास आला. १९९१ साली अमेरिकेत ठरलेला निकष अनेक वर्षे सगळीकडे वापरला गेला. बीएमआय ४० किंवा अधिक, अथवा ३५ किंवा अधिक आणि सोबत मधुमेहासारखा गंभीर आजार, असे त्याचे स्वरूप होते. २०२२ साली या विषयातील दोन प्रमुख संघटनांनी तो शिथिल केला. आता ३५ च्या पुढे सोबतचा आजार असो वा नसो शस्त्रक्रियेची शिफारस आहे, ३० ते ३५ या टप्प्यात मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असल्यास तिचा विचार करावा असे म्हटले आहे, आणि आशियाई लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो हे लक्षात घेऊन आपल्यासाठी ही मर्यादा २७.५ पर्यंत खाली आणली आहे. मात्र विमा कंपन्या जुन्याच आकड्यांवर चालतात. त्याविषयी पुढे सविस्तर येईलच.

बीएमआय जुळला म्हणजे शस्त्रक्रिया करावीच, असे नाही. एका कागदावर दोन गोष्टी लिहून काढाव्यात: आपल्याला नेमका कोणता आजार आवरायचा आहे, आणि आजवर कोणकोणते उपाय किती काळ करून पाहिले. माझ्या कागदावर पहिल्या बाजूला टाइप २ मधुमेह, रक्तदाब आणि झोपेत श्वास अडकणे हे होते. दुसऱ्या बाजूला दिवसातून दोनदाच जेवणे, आहारतज्ज्ञांनी दिलेले तक्ते, वेताळ टेकडीवरच्या पहाटेच्या फेऱ्या आणि प्रत्येक वेळी उतरून पुन्हा चढलेले वजन. पहिली बाजू रिकामी असेल आणि मुलीच्या लग्नाआधी बारीक दिसायचे एवढाच हेतू असेल, तर हा मार्ग सोडून द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. उलट पहिली बाजू भरलेली असेल, तर 'इच्छाशक्ती कमी पडली' ही टोचणी मनातून काढून टाकावी. वजन उतरू लागले की शरीर भुकेची संप्रेरके वाढवते आणि ऊर्जेचा खर्च घटवते. वजन पुन्हा चढण्यामागे हे एक मोठे कारण असते आणि ते निव्वळ निग्रहाने सुटत नाही.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचा प्रश्न हल्ली प्रत्येक जण विचारतो आणि तो रास्त आहे. टिर्झेपेटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतात उपलब्ध झाले. चाचण्यांमध्ये सेमाग्लुटाइडने सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास आणि टिर्झेपेटाइडच्या मोठ्या मात्रेने २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलेले दिसले. औषध थांबवल्यावर त्यातले बरेचसे परत येते, हेही दिसले. शस्त्रक्रियेनंतर एकूण वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के घट होते. त्यामुळे बीएमआय ३० च्या आसपास असलेल्याने आधी फिजिशियनशी औषधांविषयी बोलावे. ४० च्या पुढे असलेल्याने दोन्ही पर्यायांचा दहा वर्षांचा खर्च आणि परिणाम शेजारी शेजारी मांडून पाहावा. इंजेक्शन चालू असताना शस्त्रक्रिया ठरली, तर ते भूलतज्ज्ञांना न विसरता सांगावे, कारण या औषधांनी जठर रिकामे व्हायला वेळ लागतो.

कोणती शस्त्रक्रिया

येथे घाई करू नये. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा बाहेरच्या बाजूचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग स्टेपलरने कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरते. भूक चेतवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यतः काढून टाकलेल्या भागात तयार होत असल्याने भूकच कमी लागते. आतड्याला हात लागत नाही, शस्त्रक्रिया तुलनेने सुटसुटीत असते. पण कापलेले जठर परत बसवता येत नाही आणि काहींना नंतर आम्लपित्ताचा त्रास वाढतो किंवा नव्याने सुरू होतो.

रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी वेगळी करून तिला लहान आतड्याचा खालचा भाग जोडतात. उरलेले जठर पोटातच राहते, मात्र अन्न तिकडे जात नाही. मधुमेहावर आणि आम्लपित्तावर या शस्त्रक्रियेचा परिणाम अधिक चांगला होतो. त्याची किंमत अशी की लोह, कॅल्शियम आणि बी १२ कमी शोषले जातात, जोडाच्या जागी व्रण होण्याचा धोका असतो, आणि म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या तसेच तंबाखू, मग ती विडीची असो, मळलेली असो की मिश्रीची, जन्मभर वर्ज्य ठरते. आपल्याकडे बरीच केली जाणारी मिनी बायपास दोनऐवजी एकाच जोडाची असल्याने लवकर आटोपते. तिच्यात पित्त वर येण्याचा आणि पोषण कमी पडण्याचा प्रश्न सर्जनला विचारून घ्यावा. पोटात ठेवण्याचा फुगा ही शस्त्रक्रिया नव्हे. तो काही महिन्यांपुरताच असतो.

ओळखीच्या सगळ्यांनी स्लीव्ह केली होती, म्हणून मीही स्लीव्ह करायची असे ठरवूनच गेले होते. सर्जनने शस्त्रक्रियेचे नाव घेण्याआधी एंडोस्कोपी करायला लावली आणि तिच्यात हायटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला, व अन्ननलिकेला आलेली सूज दिसली. अहवाल टेबलावर ठेवून ते म्हणाले, "मॅडम, स्लीव्ह केली तर वजन उतरेल, पण जळजळ तुम्हाला रात्री आडवे पडू देणार नाही." माझी बायपास झाली ती त्या अहवालामुळे. एंडोस्कोपी न करताच फोनवर शस्त्रक्रियेचा प्रकार आणि पॅकेज सांगून टाकणाऱ्या ठिकाणी पुढचा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

धोक्याविषयी आडपडदा न ठेवता बोलणारा सर्जन निवडावा. अनुभवी केंद्रात पहिल्या ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण हजारात एक ते तीनच्या घरात, म्हणजे पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या जवळपास असते. शिवणीतून गळती होण्याचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास असते, आणि पायातल्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका जाड माणसाला मुळातच अधिक असतो. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहावे. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले लोक, तशाच वजनाच्या पण शस्त्रक्रिया न झालेल्या लोकांपेक्षा सरासरी तीन वर्षे अधिक जगले. तरीही सर्वसाधारण लोकसंख्येच्या आयुर्मानाला ते पोहोचले नाहीत. घरातल्यांना समजावताना मला या अभ्यासाचा फार उपयोग झाला, कारण त्यात चमत्काराचा आव नाही.

सर्जनला विचारायचे मोजकेच प्रश्न आहेत: स्लीव्ह आणि बायपास या दोन्ही तुम्ही नियमित करता का, रात्री दोन वाजता गळतीची शंका आली तर कोण पाहणार, रुग्णालयात अतिदक्षता विभाग आहे का, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ तुमच्या पथकात आहेत का, आणि पाच वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या एखाद्या रुग्णाशी, त्याची हरकत नसल्यास, बोलता येईल का. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. सहा महिन्यांपूर्वी शस्त्रक्रिया झालेला माणूस नेहमीच आनंदात असतो. नियमित गोळ्या घेतो की नाही, वजन किती परत आले, लग्नात काय खातो, हे पाच वर्षांचा अनुभवीच सांगू शकतो.

विमा आणि कागदपत्रे

विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित कलमानुसार लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी डॉक्टरांचा सल्ला, वय १८ पूर्ण आणि बीएमआय किमान ४० असावा लागतो. बीएमआय ३५ ते ४० असेल तर आहार-व्यायामासारखे उपाय निष्फळ ठरल्यानंतर सोबत हृदयस्नायूंचा लठ्ठपणाजन्य आजार, हृदयधमन्यांचा आजार, झोपेतील श्वासावरोधाचा तीव्र विकार किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह यांपैकी काहीतरी असावे लागते. म्हणजे नव्या वैद्यकीय निकषांत बसणारा, ३२ बीएमआयचा मधुमेही माणूस या कलमात बसत नाही. त्याला खर्च खिशातून करावा लागतो. याशिवाय आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी असतो. २०२४ पासून त्याची कमाल मर्यादा ३६ महिने आहे. पॉलिसी नवी असेल तर आधी ते कलम वाचावे.

माझ्या विमा कंपनीने पूर्वमंजुरीचा पहिला अर्ज शंका काढून परत पाठवला. आजवर कोणते उपचार केले, त्याचा पुरावा त्यांना हवा होता. आहारतज्ज्ञांच्या जुन्या पावत्या आणि वजनाच्या नोंदी असलेली फाइल माझ्या नवऱ्याने माळ्यावरून शोधून काढली, तेव्हा काम पुढे सरकले. त्यामुळे असे सगळे कागद जपून ठेवावेत. आणखी एक बारकावा असा की शस्त्रक्रियेपूर्वीच्या आहाराने वजन काही किलोंनी उतरते. ज्याचा बीएमआय ४० च्या काठावर आहे, त्याने तो आहार सुरू करण्यापूर्वीची उंची आणि वजन रुग्णालयाच्या लेटरहेडवर तारखेसह लिहून घ्यावे. अंदाजपत्रक घेताना स्टेपलर आणि त्याची काडतुसे धरली आहेत का, हे स्पष्ट विचारावे, कारण बिलातला मोठा वाटा त्यांचाच असतो. खोलीचा वर्ग बदलला की अनेक रुग्णालयांत इतर बहुतेक शुल्केही बदलतात.

तपासण्या आणि आधीचे दोन आठवडे

रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी, थायरॉइड, यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या, लोह, बी १२, डी जीवनसत्त्व, पोटाची सोनोग्राफी, हृदयाची टूडी इको, फुप्फुसांची तपासणी आणि एंडोस्कोपी एवढे बहुतेक सगळ्यांना करावे लागते. शाकाहारी माणसात बी १२ आणि डी शस्त्रक्रियेआधीच कमी असण्याची शक्यता मोठी असते. ती तूट आधी भरून घ्यावी, नंतर भरणे जड जाते. जोरात घोरणाऱ्याने झोपेची तपासणी टाळू नये. श्वास अडकत असेल तर रात्री मुखवटा लावून हवा देणारे सीपॅप यंत्र आधीपासून वापरावे लागते आणि भूल देतानाचा धोका त्याने कमी होतो. तंबाखू किमान सहा आठवडे आधी पूर्ण थांबवावी.

मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात तेव्हा अनेकांना ते अपमानास्पद वाटते. तेथे विचारले जाते ते इतकेच की आपण भूक नसताना खातो का, ताणात खातो का, दारू किती घेतो, आणि घरात आपली बाजू घेणारे कोण आहे. यातला दारूचा प्रश्न कोणी हसण्यावारी नेऊ नये. शस्त्रक्रियेनंतर दारू लवकर आणि अधिक चढते, आणि बायपास झालेल्यांत तिचे व्यसन लागण्याचा धोका वाढलेला आढळला आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकांचा, जास्त प्रथिनांचा, बहुतांशी पातळ आहार देतात. वजन दाखवण्यासाठी तो नसतो. जाड माणसाचे यकृत चरबीने सुजलेले असते आणि ते नेमके जठरावर येते. या आहाराने ते आकसते आणि सर्जनला दुर्बिणीतून जागा मिळते. मधुमेहाच्या गोळ्या व इन्शुलिन या काळात डॉक्टरांकडून कमी करून घ्यावे लागते, नाहीतर साखर एकदम उतरते. तारीख ठरवताना पंचांग पाहणाऱ्यांना माझा सल्ला असा की मुहूर्तापेक्षा सणवार पाहावेत. गणपती किंवा दिवाळी पहिल्या दोन महिन्यांत येईल अशी तारीख घेऊ नये. घरभर तळणाचा वास आणि आपल्या हातात गाळलेले सूप, ही परीक्षा स्वतःहून ओढवून घेण्याचे कारण नाही.

रुग्णालयातील दिवस

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून, चार-पाच छोट्या छिद्रांतून होते. सर्वसाधारणपणे दोन ते तीन दिवसांत घरी सोडतात. शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा खांदा अधिक दुखू शकतो, कारण पोट फुगवण्यासाठी भरलेल्या वायूचा ताण तेथे जाणवतो. चालल्याने तो उतरतो. पहिल्याच संध्याकाळी उठवून चालवतात, पायात घट्ट मोजे असतात, रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने देतात आणि तीन चेंडूंच्या यंत्रातून दर तासाला श्वास आत ओढायला लावतात. हे सगळे उपाय गुठळी आणि न्यूमोनिया टाळण्यासाठी आहेत. झोप येते म्हणून त्यात सूट मागू नये.

घरी आल्यावर नाडी १२० च्या पुढे राहणे, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, धाप, पोटरीला सूज किंवा पाणीही न टिकणे यांपैकी काहीही झाले तर गल्लीतल्या दवाखान्यात न जाता थेट आपल्या सर्जनच्या पथकाला फोन करावा. सततच्या उलट्यांनी बी १ जीवनसत्त्व झपाट्याने कमी होते आणि त्याचा परिणाम मज्जासंस्थेवर होऊ शकतो, त्यामुळे 'बघू उद्या' असे म्हणू नये. पाकिटात एक चिठ्ठी कायम ठेवावी: कोणती शस्त्रक्रिया, केव्हा, कोठे झाली, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके देऊ नयेत, नाकातून पोटात नळी सर्जनला विचारल्याशिवाय घालू नये.

स्वयंपाकघर

सगळ्यात जास्त बदलते ते स्वयंपाकघर, आणि त्याची तयारी शस्त्रक्रियेच्या आधी झालेली असावी. टप्पे प्रत्येक केंद्रात थोडे वेगळे असतात, म्हणून आपल्या आहारतज्ज्ञांचा तक्ताच प्रमाण मानावा. ढोबळ क्रम असा: आधी काही दिवस वरणावरचे निवळ पाणी, गाळलेले भाज्यांचे सूप, पातळ ताक, मग साधारण दोन आठवड्यांपर्यंत दूध, गाळलेले मुगाचे कढण, नाचणीची पातळ आंबील आणि प्रथिनांची पावडर, त्यानंतर मिक्सरमधून काढलेले वरण, दही, कुस्करलेले पनीर, पुढे मऊ खिचडी, शिजवलेल्या भाज्या, अंडे, आणि दीड-दोन महिन्यांनी हळूहळू घरातले साधे जेवण. पाव आणि पोळी यांचा गोळा होऊन तो छातीत अडकल्यासारखा वाटतो. मला ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली तर आधी चालली.

खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर जी रेघा आखलेली प्लास्टिकची छोटी टोपी असते, तिला पहिल्या आठवड्यांत माझ्याकडे भांड्याचा मान होता. ३० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत ती भरायची, दहा-पंधरा मिनिटे घोट घोट संपवायची, थांबायचे आणि पुन्हा भरायची. दिवसभरात दीड लिटर द्रव पोटात जायचे तर हे काम सकाळपासून रात्रीपर्यंत चालू राहते आणि त्यासाठी रजा हवीच. बसून करण्याचे काम असणाऱ्याला दोन ते तीन आठवड्यांत कामावर जाता येते, पण टेबलावर टोपी आणि बाटली मांडून बसण्याची लाज वाटू नये. वजन उचलणे किती काळ टाळायचे ते सर्जनला विचारावे.

खरा हिशेब प्रथिनांचा आहे. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात, आणि आपले शाकाहारी ताट त्याला पुरे पडत नाही. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम मिळतात; सुरुवातीला पाव वाटीच पोटात जाते, म्हणजे दोनही धड नाहीत. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅमच्या आसपास, एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात. यावरून लक्षात येईल की पहिले काही महिने प्रथिनांच्या पावडरीला पर्याय नाही आणि 'घरचे सकस' या शब्दांवर विसंबता येत नाही. ताटात प्रथिने आधी, मग भाजी, आणि जागा उरली तर भात किंवा भाकरी, असा क्रम ठेवावा. प्रथिने कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झडतात, म्हणून चालण्याबरोबर पुढे हलके वजन उचलण्याचा व्यायामही जोडावा.

जेवताना पाणी पिऊ नये आणि जेवल्यावर अर्धा तास थांबावे, हा नियम आपल्या घरांत सर्वांत कठीण जातो, कारण पानाशेजारी तांब्या-भांडे असणारच. माझ्या सासूबाई पहिले काही महिने रोज म्हणत, "अगं, घासाबरोबर घोटभर पाणी तरी घे, आणि पानात आहे काय तुझ्या?" त्यांच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. आहारतज्ज्ञांच्या पुढच्या भेटीला मी त्यांना सोबत नेले आणि त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू दिले. त्यानंतर माझ्या वाटीत पनीर मोजून घालण्याचे काम त्यांनीच हाती घेतले. ज्या घरात स्वयंपाक दुसऱ्या कोणाच्या हातात आहे, तेथे त्या व्यक्तीला शस्त्रक्रियेच्या आधीच या भेटीला न्यावे.

गोडाविषयी बायपास झालेल्याने विशेष जपावे. साखर पटकन आतड्यात उतरली की धडधड, घाम, पोटात कळ आणि जुलाब होतात. डॉक्टर याला डम्पिंग म्हणतात. श्रीखंडाच्या दोन चमच्यांनी मला हे लख्ख कळले. संकष्टी, चातुर्मासातले उपवास पहिले वर्ष सोडून द्यावेत. उपवासाच्या ताटातली साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा म्हणजे निव्वळ पिष्ट, आणि निर्जळी तर मुळीच करू नये. हळदीकुंकवाला किंवा लग्नाला गेल्यावर प्रत्येकाला शस्त्रक्रियेची कथा सांगण्याचे बंधन आपल्यावर नाही. 'पोटाचे पथ्य आहे' एवढे पुण्यात पुरते, त्यावर पुढचा सल्ला मिळतोच, तो ऐकून सोडून द्यावा.

पहिले वर्ष आणि पुढे

वजन पहिल्या तीन महिन्यांत भराभर उतरते, मग मध्येच काही आठवडे काटा जागचा हलत नाही, आणि साधारण वर्ष ते दीड वर्षात ते स्थिरावते. रोज काट्यावर उभे राहू नये. आठवड्यातून एकदा पुरे. मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे पहिल्या काही दिवसांतच कमी करावी लागू शकतात, त्यामुळे घरी साखर आणि रक्तदाब मोजून त्यांची वही डॉक्टरांना दाखवावी. जुन्या मात्रा आपल्या मनाने चालू ठेवणे आणि आपल्या मनाने बंद करणे, दोन्ही धोक्याचे. साखर गोळ्यांविना काबूत राहू लागली तरी मधुमेह कायमचा गेला असे समजू नये. तो काही वर्षांनी परत येऊ शकतो.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस मूठमूठ गळतात. झपाट्याने वजन उतरल्याचा तो परिणाम असतो आणि प्रथिने, लोह व जस्त पुरेसे असेल तर केस पुन्हा येतात. महागड्या तेलांवर पैसे घालण्याआधी रक्ततपासणी करावी. याच काळात पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, म्हणून बरेच सर्जन सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या देतात. बाळाचा विचार असलेल्या स्त्रियांनी १२ ते १८ महिने थांबावे. वजन उतरू लागले की प्रजननक्षमता अनपेक्षितपणे वाढते, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्या नीट शोषल्या जातीलच असे नाही; दुसरे साधन आधीच ठरवावे.

मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम सायट्रेट, डी, बी १२ आणि गरजेप्रमाणे लोह ही यादी जन्मभराची आहे. कॅल्शियम आणि लोह एकाच वेळी घेऊ नयेत, दोन तासांचे अंतर ठेवावे. चहाबरोबर लोह घेणे म्हणजे गोळी वाया घालवणे. मी लोह रात्री आणि कॅल्शियम जेवणांनंतर घेते. तपासणी साधारण पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, नंतर दरवर्षी. तिसऱ्या वर्षानंतर बहुतेकांच्या भेटी सुटतात, आणि जीवनसत्त्वांची तूट तर शांतपणे, काही न दुखता वाढत जाते. हातापायांना मुंग्या येऊ लागल्यावर तपासण्यापेक्षा दरवर्षी एका ठरावीक महिन्यात रक्त देऊन यावे.

दंड, पोट आणि मांड्यांची कातडी लोंबते, ती व्यायामाने पूर्ण भरत नाही. पावसाळ्यात घडीत पुरळ आणि बुरशी होते, तेव्हा जागा कोरडी ठेवावी आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. कातडी काढण्याची शस्त्रक्रिया वजन काही महिने स्थिर राहिल्यानंतरच करतात आणि बहुतेक पॉलिसींत ती सौंदर्यशस्त्रक्रिया समजली जाते, त्यामुळे तिची रक्कम वेगळी धरून ठेवावी. दोन-तीन वर्षांनी काही किलो परत येणे सर्वसाधारण आहे. त्याहून जास्त येऊ लागले, तर लाजून सर्जनला टाळण्याऐवजी लगेच वेळ घ्यावी आणि जाताना आठवडाभर काय खाल्ले याची खरी वही सोबत न्यावी, म्हणजे आहार बदलायचा, औषध जोडायचे की पुन्हा एंडोस्कोपी करायची हे पहिल्याच भेटीत ठरवता येते.